लूर्दचे पाणी आणि सहा महिन्यांच्या गोळ्या

वसईजवळच्या एका गावातील जुने कौलारू घर. पुढे ओटा, मागे केळीची बाग. ओट्यावरून आत शिरले की समोरच्या भिंतीवर लाकडी वेदी दिसते. मधोमध क्रूस, त्याच्या उजवीकडे येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि डावीकडे एक लहानशी प्लॅस्टिकची बाटली. बाटलीला मरियामातेच्या मूर्तीचा आकार आहे आणि तिचे निळे झाकण म्हणजे मातेचा मुकुट. फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्राहून आणलेले पाणी या बाटलीत आहे. वेदीखालच्या फळीवर गोळ्यांची पाकिटे आणि उपचारांचे एक कार्ड. वरच्या फळीवर प्रार्थना, खालच्या फळीवर औषध. दोन्हींत जेमतेम हातभर अंतर. पण या हातभर अंतरावरून त्या घरात चार दिवस कोणी कोणाशी धड बोलले नव्हते.

घरातील आत्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. लग्न केले नाही, भावाच्या कुटुंबातच राहिल्या. सारे गाव त्यांना 'बाई' म्हणते. पावसाळ्यात लागलेला खोकला दिवाळीपर्यंत गेला नाही, वजन उतरले, संध्याकाळी अंग तापू लागले. थुंकीची तपासणी झाली आणि क्षयरोगाचे निदान झाले. सरकारी केंद्रातून मोफत औषधे सुरू झाली. उपचार एकूण सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने एकदम चार औषधे. मळमळ, सांधेदुखी, लघवीला नारिंगी रंग. बाईंनी सारे निमूटपणे सोसले.

त्याच सुमारास धर्मग्रामातील काही मंडळी युरोपच्या यात्रेहून परतली आणि त्यांनी बाईंसाठी लूर्दचे पाणी आणले. रोज संध्याकाळी जपमाळ झाली की बाई त्यातले चमचाभर पाणी पीत. हळूहळू ताप उतरला. भूक लागू लागली. दोन महिन्यांनी थुंकीत जंतू दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने पाण्याचा पेला आणि गोळ्या पुढे केल्या, तर बाईंनी पेला बाजूला सारला.

"आता गोळ्या पुरे. लूर्दमातेने मला बरे केले. बरी झाल्यावरही औषध घ्यायचे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवण्यासारखे आहे."

भाच्याचा त्रागा

घरातील भाचा औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. या रोगाचे बरेचसे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात आणि रोग्याला बरे वाटू लागते. परंतु सुस्त पडून राहिलेले थोडे जंतू शरीरात उरतात. ते संपवण्यासाठीच पुढचे चार महिने लागतात. औषध अर्ध्यावर सोडले तर रोग उलटू शकतो; आणि उलटताना अनेकदा असा उलटतो की नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

हे सगळे त्याने शांतपणे सांगितले असते तर कदाचित निभावले असते. पण तरुण वय. तो म्हणाला, "आत्या, त्या बाटलीत नुसते पाणी आहे. चमत्कार वगैरे काही नसते. तू एवढी शिकलेली, तू तरी असे बोलू नकोस."

बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून त्याची आई मध्ये पडली, पण शब्द निघून गेला होता. बाई रात्री जेवल्या नाहीत. ज्या मुलाला त्यांनी मांडीवर बसवून क्रूसाची खूण करायला शिकवले, त्याने त्यांचे सारे आयुष्यच खोटे ठरवले, असे त्यांना वाटले. भाच्यालाही झोप आली नाही. त्याला आत्याचा अपमान करायचा नव्हता. त्याला आत्या जगायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसला. लूर्दचे पितळ उघडे पाडणारे काहीतरी शोधावे, हा हेतू. 'पाणी नुसते पाणी आहे' हे त्याचे म्हणणे खरे असल्याचा पुरावा लगेच मिळाला. हे पाणी १८५८ सालीच तुलूझ येथील प्राध्यापक फिलोल यांनी तपासले होते आणि त्यात कोणतेही औषधी द्रव्य त्यांना आढळले नव्हते. गंमत म्हणजे लूर्दच्या चर्चनेही त्यात औषधी गुण असल्याचा दावा कधी केलेला नाही. भाच्याने ज्याला विरोध करायचा ठरवले होते, ते कोणी म्हणतच नव्हते. आणि मग त्याला एक असा माणूस भेटला, जो कोणत्याच बाजूला नीट बसेना.

आगगाडीतील डॉक्टर

फ्रान्समधील लियों शहरात १८९४ साली राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुऱ्याचा वार झाला. पोटातील मोठी रक्तवाहिनी तुटली होती. तुटलेली रक्तवाहिनी शिवण्याची विद्या त्या वेळी कोणत्याच शल्यवैद्याकडे नव्हती आणि राष्ट्राध्यक्ष दगावले. ही गोष्ट आलेक्सी कारेल नावाच्या तरुणाच्या मनाला लागली. त्याने लियोंमधील एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुईदोऱ्याचे काम शिकून घेतले आणि १९०२ साली रक्तवाहिन्या जोडण्याची स्वतःची पद्धत प्रसिद्ध केली. आज हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या ज्या शस्त्रक्रिया होतात, त्यांच्या पायाशी ही पद्धत आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात, एका सहकारी डॉक्टराच्या जागी, कारेल रोग्यांच्या आगगाडीबरोबर लूर्दला गेले. लूर्दची हकिकत त्यांना माहीत होती. १८५८ साली बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला तेथील मासाबिएलच्या गुहेत अठरा वेळा मरियामातेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून तेथील झऱ्यावर रोग्यांची रीघ लागली. कारेल कॅथलिक घरात वाढलेले असले तरी त्या वेळी त्यांची श्रद्धा जवळजवळ विझली होती. तेथे काय घडते ते डॉक्टरच्या डोळ्यांनी पाहावे, एवढाच त्यांचा हेतू.

गाडीत मारी बायी नावाची एक तरुणी होती. पोटातील आवरणाचा क्षय. पोट फुगून कठीण झालेले, नाडी अतिशय जलद, अंगात त्राण नाही. वेदना शमवण्यासाठी कारेल यांनी तिला मॉर्फिन दिले. ती लूर्दला जिवंत पोहोचेल की नाही, याचीच त्यांना शंका होती. २८ मे रोजी तिला झऱ्यावर नेले. तिला पाण्यात बुडवणे धोक्याचे होते, म्हणून पोटावर नुसते पाणी ओतले. त्यानंतर गुहेसमोर, कारेल यांच्या डोळ्यांदेखत, थोड्याच वेळात फुगलेले पोट खाली बसत गेले. नाडी सुधारली. तिने दूध मागून घेतले. संध्याकाळी ती अंथरुणात उठून बसली होती. कारेल यांनी आणि इतर डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा तपासले. पुढे ती सेवाव्रती भगिनी झाली आणि १९३७ सालापर्यंत जगली.

डॉक्टरने काय करावे? कारेल यांनी जे पाहिले ते सांगितले. चमत्कार झाला असे ते म्हणाले नाहीत आणि काही घडलेच नाही असेही म्हणाले नाहीत. परिणाम असा की दोन्ही बाजू रागावल्या. भाविकांना ते अश्रद्ध वाटले आणि वैद्यकीय वर्तुळाला भोळे. लियोंमध्ये त्यांना पुढे वाव उरला नाही. १९०४ साली ते अटलांटिक ओलांडून गेले, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले आणि १९१२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लूर्दची हकिकत त्यांनी लिहून ठेवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिच्यात त्यांनी स्वतःला 'मी' म्हटलेले नाही. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून त्यांनी नायकाचे नाव 'लेराक' ठेवले. जणू जे पाहिले त्यापासून हातभर दूर उभे राहून त्यांना ते पाहायचे होते.

भाचा वाचतच राहिला. तो लूर्दविरुद्ध पुरावा शोधायला आला होता आणि हाती लागला होता लूर्दचा नोबेल विजेता साक्षीदार!

कोंबडीचे हृदय

परंतु याच कारेल यांची दुसरी गोष्टही आहे आणि ती जास्त बोलकी आहे.

जानेवारी १९१२ मध्ये त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा एक तुकडा काचेच्या भांड्यात पोषक द्रवात वाढवायला घेतला. या पेशी मरतच नाहीत, असे जाहीर झाले. वर्षामागून वर्षे गेली. कारेल १९४४ साली वारले, तरी त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पेशीसंवर्धन १९४६ पर्यंत चालू ठेवले. चौतीस वर्षे! कोंबडीच्या आयुष्यापेक्षा कितीतरी अधिक. पेशी मुळात अमर असतात, हे पाठ्यपुस्तकांत गेले. दुसऱ्या प्रयोगशाळांत पेशी मरत, तेव्हा शास्त्रज्ञ स्वतःच्या हाताला दोष देत. नोबेल विजेत्याचे चुकले असेल, असे कोणाच्या मनात येत नसे.

१९६१ साली अमेरिकेत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले की माणसाच्या साध्या पेशी ठरावीक वेळाच विभागतात आणि मग थांबतात. कारेल यांचा दावा त्यात बसेना. त्या भांड्यात पोषक द्रवाबरोबर वेळोवेळी नव्या पेशी पडत असाव्यात, असा संशय आज घेतला जातो. म्हणजे शास्त्राच्या घरातही एक 'चमत्कार' चाळीस-पन्नास वर्षे पुजला गेला. फरक एवढाच की शास्त्राने शेवटी स्वतःच्या हाताने तो वेदीवरून खाली उतरवला.

कारेल यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९३५ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी 'कमकुवत' माणसांविषयी जे विचार मांडले, ते आज कोणालाही पटणार नाहीत. थोर शास्त्रज्ञ म्हणून त्याचा प्रत्येक शब्द खरा, असे नसते. मग लूर्दच्या साक्षीचे काय करायचे?

चर्चने 'नाही' म्हटले

येथे भाच्याला सर्वांत मोठा धक्का बसला. मारी बायीचे बरे होणे चर्चच्या अधिकृत चमत्कारांच्या यादीत नाहीच!

लूर्दला १८८३ पासून एक वैद्यकीय कार्यालय आहे. तेथे कोणत्याही धर्माच्या, किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या डॉक्टरला कागदपत्रे पाहता येतात, रोग्याला तपासता येते. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समिती आहे. चाचणीचे नियम अठराव्या शतकात प्रोस्पेरो लांबेर्तिनी यांनी घालून दिलेले; हेच पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. रोग गंभीर असला पाहिजे आणि त्याचे निदान पक्के असले पाहिजे. बरे होणे एकाएकी आणि संपूर्ण असले पाहिजे. ते टिकले पाहिजे. आणि औषधाने बरे वाटण्याची शक्यता असेल तर दावा बाद.

लूर्दला बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकी २०२५ पर्यंत चमत्कार म्हणून मान्य झाल्या फक्त ७२. मारी बायीच्या बाबतीत मानसिक कारणाने पोट फुगण्याची, म्हणजे खोट्या गर्भधारणेची, शक्यता त्या वेळच्या डॉक्टरांनी नीट तपासून बाद केलेली नव्हती. म्हणून तिचे नाव यादीत आले नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो शास्त्रज्ञ थक्क झाला होता. चर्चने मात्र 'पुरावा अपुरा' म्हणून कागद बाजूला ठेवले.

यात आणखी एक बारकावा आहे. तेथील डॉक्टर कधीही 'हा चमत्कार आहे' असे म्हणत नाहीत. ते एवढेच म्हणतात, 'आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचा उलगडा होत नाही.' 'चमत्कार' हा शब्द उच्चारायचा की नाही ते बिशप ठरवतात आणि तो श्रद्धेचा शब्द असतो. ही दोन वेगळी वाक्ये आहेत आणि ती बोलणारे दोघे वेगळे आहेत. श्रद्धा आणि विज्ञान यांची बहुतेक भांडणे एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातल्यामुळे होतात. 'उलगडा होत नाही, म्हणून देवाने केले' असे डॉक्टर म्हणू लागला तर तो डॉक्टर राहत नाही. आणि 'देवाने केले, म्हणून डॉक्टरची गरज नाही' असे भाविक म्हणू लागला तर तो स्वतःच डॉक्टर बनतो.

फादर घरी येतात

चौथ्या दिवशी संध्याकाळी वहिनीने कोणाला न सांगता फादरना बोलावले. फादर म्हातारे, गावात सर्वांना ओळखणारे. चहा झाल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही बऱ्या झालात, आनंद आहे. पण लूर्दच्या नियमाने पाहायचे तर तुमचा अर्ज दारातूनच परत येईल."

"तो का, फादर?"

"तिथे आधी विचारतात, औषध चालू होते का? तुम्ही तर दोन महिने चार-चार औषधे घेतलीत! दुसरे विचारतात, किती वर्षे झाली? तुमचे अजून दोन महिनेही पुरते झाले नाहीत."

स्वयंपाकघरातून वहिनीचे हसू ऐकू आले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांची मान खाली गेली.

भाच्याला जोर चढला. तो म्हणाला, "फादर, २०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागात क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकत होते. लोक ते भांड्यांत भरून नेत होते. सनल एडामारुकू यांनी तपासून सांगितले की, शेजारच्या तुंबलेल्या नाल्याचे पाणी भिंतीतून वर चढते आहे. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे. तर त्यांच्यावरच भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. ही कसली श्रद्धा?"

फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भिंतीतून पाणी आले तर आधी प्लंबरला बोलवावे. त्यात माझ्या देवाचा अपमान होत नाही. खोट्या गोष्टीवर उभी राहिलेली श्रद्धा मी कोणाला शिकवलेली नाही. पण तूही एक सांग. 'चमत्कार होऊच शकत नाहीत' असे तू आत्याला म्हणालास. हे तू कोणत्या प्रयोगाने सिद्ध केलेस?"

भाच्याला कोंबडीचे हृदय आठवले. तो काहीच बोलला नाही.

दोन्ही बाजूंचा नम्रपणा

फादरांनी विचारलेला प्रश्न जुनाच आहे. स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ साली मांडले की, निसर्गाचे नियम आपल्या अखंड अनुभवातून आलेले असतात. त्यांच्याविरुद्ध कोणी साक्ष दिली, तर साक्षीदार चुकला असण्याचीच शक्यता नेहमी जास्त. हा युक्तिवाद आजही भक्कम आहे आणि रोजच्या व्यवहारात प्रत्येक शहाणा माणूस तो पाळतो. १९४१ साली जर्मनीचे धर्मपंडित रुडॉल्फ बुल्टमान यांनी तर ख्रिस्ती लोकांनाच सुचवले की, विजेचे दिवे आणि आधुनिक औषधे वापरणाऱ्यांनी शुभवर्तमानातील चमत्कारांच्या कथा अक्षरशः धरू नयेत, त्यांच्यामागचा अर्थ शोधावा.

परंतु बहुसंख्य ख्रिस्ती लोकांना ही वाट मान्य होत नाही आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. येशूचे पुनरुत्थान वगळले तर त्यांच्या श्रद्धेचा कणाच निघून जातो. हे एकदाच घडलेले आहे, असे ते मानतात. आणि एकदाच घडलेली गोष्ट प्रयोगशाळेत पुन्हा घडवून पाहता येत नाही. विज्ञान जे पुन्हा पुन्हा घडते त्याचे नियम सांगते. त्याच्या बळावरच विमाने उडतात आणि क्षयरोग बरा होतो. पण त्या नियमांपलीकडे काहीच असू शकत नाही, हा विज्ञानाचा शोध नव्हे. तो एक विश्वास आहे. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन यांनी म्हटले होते की, चमत्कार निसर्गाविरुद्ध नसतो, आपल्याला निसर्ग जेवढा कळला आहे त्याच्याविरुद्ध असतो. हे वाक्य भाविकाला दिलासा देते आणि शास्त्रज्ञाला काम देते.

धोका आहे तो अज्ञानाच्या फटीत देवाला बसवण्याचा. आज फट आहे, उद्या ती बुजली की देवाला जागा कुठे? हा धोका एका धर्मगुरूनेच ओळखला होता. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याची सुरुवात एका अतिसूक्ष्म अवस्थेतून झाली असावी, ही कल्पना मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात या सिद्धान्ताचा संबंध विश्वनिर्मितीच्या श्रद्धेशी जोडला. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता, झाली अस्वस्थता. आपला सिद्धान्त गणिताचा आहे, त्यावर धर्माची इमारत उभारू नये, अशी त्यांची भूमिका होती.

आणि बायबलमधील येशू तरी चमत्काराचा बाजार कुठे मांडतो? मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतान सुचवतो तेव्हा तो नकार देतो. खूण दाखव म्हणून अडून बसलेल्यांना तो खूण दाखवत नाही. मात्र जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हणणाऱ्या थोमाला तो हाकलून देत नाही. हात पुढे कर, म्हणतो. तोच थोमा पुढे भारतात आला, अशी परंपरा आहे. पुरावा मागणाऱ्या प्रेषिताने भारतात यावे, हे येथील ख्रिस्ती माणसाने विसरू नये.

बर्नादेतचा आजार

फादर निघताना उंबऱ्याशी थांबले. "बाई, एक विचारू? ज्या मुलीला लूर्दला दर्शन झाले, त्या बर्नादेतचे पुढे काय झाले, ठाऊक आहे ना?"

बाईंना ठाऊक होते. शाळेतील मुलांना त्यांनी ती गोष्ट कितीदा सांगितली होती. बर्नादेतला लहानपणापासून दमा होता. पुढे ती नव्हेरच्या मठात भगिनी झाली, आजारी भगिनींची शुश्रूषा करू लागली. तिला हाडांचा क्षय झाला. १८७९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ती वारली. कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला तो १८८२ साली. त्यावर पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळायला १९४३ साल उजाडले.

"तिला झऱ्याचे पाणी होते, गोळ्या नव्हत्या," फादर म्हणाले. "तुम्हाला दोन्ही मिळाले. त्यातले एक परत करायचे, ते कोणाच्या सांगण्यावरून?"

बाई बराच वेळ ओट्यावर बसून राहिल्या. मग आत आल्या. वेदीखालच्या फळीवरून त्यांनी पाकीट घेतले आणि भाच्याला हाक मारली. "चष्मा सापडत नाही रे. आता कुठली घ्यायची, बघ."

दुसऱ्या दिवशी भाचा त्यांच्याबरोबर केंद्रावर गेला. चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या शेवटी भरून काढायच्या ठरले. वाटेत तो म्हणाला, "आत्या, मी त्या दिवशी जास्त बोललो." बाई म्हणाल्या, "तू खोटे बोलला नाहीस. पण खरे बोलतानासुद्धा माणूस समोर आहे हे पाहावे."

लूर्दमातेने बाईंना बरे केले की औषधांनी, या प्रश्नाचे उत्तर त्या घरात आजही एक नाही. बाई म्हणतात, औषध शोधणाऱ्यांना बुद्धी कोणी दिली? भाचा म्हणतो, बुद्धी वापरली म्हणून औषध मिळाले. दोघेही हसतात आणि विषय तिथेच राहतो. उपचार मात्र पूर्ण झाले. शेवटची तपासणीही स्वच्छ आली. खुणांनी भरलेले ते कार्ड बाईंनी फेकून दिले नाही. ते वेदीवर, बाटलीच्या खाली ठेवले आहे.

परवा शेजारची एक बाई आली. नवऱ्याचा खोकला तीन आठवडे हटत नव्हता. "बाई, तुमच्याकडचे लूर्दचे थोडे पाणी द्याल का?" बाईंनी एका छोट्या बाटलीत पाणी ओतून दिले. मग चष्मा लावून कागदावर सरकारी केंद्राचा पत्ता आणि वेळ लिहिली आणि तो कागद तिच्या हातात देत म्हणाल्या, "प्रार्थना आज संध्याकाळी कर. पण थुंकी तपासायला उद्या सकाळीच घेऊन जा त्याला. आणि गोळ्या सुरू झाल्या, तर बरे वाटले म्हणून सोडू देऊ नकोस. ती चूक मी केली आहे."